आर्थरचा खोकला आणि गणपतीतला वाद

प्रश्न : मी मालवण तालुक्यात राहतो. आमचे घरगुती होम-स्टे आहे. पावसाळ्यात पर्यटक नसतात, त्यामुळे ते महिने मी लॅपटॉपवर गेम खेळतो, आणि तेही फक्त गोष्ट असलेले. गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलतभावाशी यावरून वाद झाला. तो म्हणाला, की हे सगळे अर्धवट सिनेमे आहेत, तो ते यूट्यूबवर दीडपट वेगाने पाहून संपवतो आणि मी उगाच पन्नास-पन्नास तास घालवतो. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या शेवटी मला रडू आले हे मी सांगितले, तेव्हा तो सगळ्यांसमोर हसला आणि म्हणाला, “शेवट ठरलेलाच आहे, मग तुझ्या खेळण्याला अर्थ काय?” मला उत्तर सुचले नाही. माझे इंग्रजीही कच्चे आहे, सबटायटल वाचायला वेळ लागतो, त्यावरूनही बोलणी खाल्ली. आईला वाटते, की पोरगा पावसाळा वाया घालवतो. आता गणपती पुन्हा जवळ आले आहेत. माझे मत चुकीचे आहे का? की या विषयावर गप्पच बसावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. गप्प बसू नका. मात्र गेल्या वर्षीचाच वाद त्याच शब्दांत पुन्हा मांडू नका, कारण त्या वादात तुम्ही आपली भावना सांगितली आणि ती ज्यातून आली ते सांगायचे राहून गेले. ‘मला रडू आले’ हे ऐकणारा हसू शकतो. ‘माझ्या हातून अमुक घडले आणि त्याचे फळ मला पुढे भोगावे लागले’ हे ऐकल्यावर त्याला निदान विचारावे लागते, की घडले काय. कथाप्रधान गेमविषयीचे खेळाडूचे मत या दुसऱ्या वाक्यातून तयार होते, अशी माझी पक्की समजूत आहे, आणि तुमच्या चुलतभावाला द्यायचे उत्तरही तिथेच आहे. (पुढे काही गेमचे शेवट उघड होतील, ज्यांना ते स्वतः खेळायचे आहेत त्यांनी हे उत्तर नंतर वाचावे.)

तुमचाच गेम घेऊ. २०१८ मध्ये आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ची गोष्ट १८९९ च्या अमेरिकेत घडते आणि नायक आर्थर मॉर्गन हा एका दरोडेखोर टोळीतला माणूस आहे. सुरुवातीच्या भागात टोळीचा सावकारी पाहणारा स्ट्राउस त्याला कर्जवसुलीला धाडतो. थॉमस डाऊन्स नावाचा एक खंगलेला शेतकरी पैसे देऊ शकत नाही, आर्थर त्याला मारहाण करतो आणि खोकणाऱ्या डाऊन्सच्या तोंडातले रक्त आर्थरच्या चेहऱ्यावर उडते. आठवून पाहा, त्या वेळी तुम्हाला हे एक किरकोळ काम वाटले असणार. त्या शेतापर्यंत घोडा तुम्ही नेलात, वसुली तुमच्या हातून झाली आणि तुम्ही पुढच्या कामाला लागलात. पुढे कितीतरी तासांनी आर्थर भर रस्त्यात कोसळतो, डॉक्टर क्षयाचे निदान करतो, आणि मग तो खोकला कुठून आला हे तुम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर आर्थरचे वजन उतरते, गाल आत जातात, दम टिकत नाही. जो माणूस इतके दिवस तुमच्या बोटांच्या इशाऱ्यावर चपळपणे धावत होता तो आता तुमच्याच हातात थकत जातो. डाऊन्सची विधवा पुन्हा भेटते तेव्हा तिला मदत करायची की पाठ फिरवायची, हे ठरवण्याची वेळ तुमच्यावर येते.

कोकणातल्या पुष्कळ घरांत असा एखादा आजोबा किंवा पणजोबा असतो, जो मुंबईला गिरणीत गेला आणि छाती खराब होऊन गावी परतला. त्यामुळे आर्थरचा खोकला आपल्याकडच्या खेळाडूला अमेरिकेतल्या कुठल्या दूरच्या माणसाचा वाटत नाही, आणि तुमचे डोळे भरून आले यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता यूट्यूबचा मुद्दा. तुमच्या भावाने डाऊन्सचा प्रसंग पाहिला आहे आणि शेवटही पाहिला आहे, तेव्हा कथानक त्याला ठाऊक आहे हे मान्य करायला हवे. परंतु शेवटच्या स्वारीत आर्थरच्या घोड्याला गोळी लागते आणि मरणाऱ्या घोड्याचे आर्थर आभार मानतो, तो प्रसंग घ्या. तुम्ही त्या घोड्याला नाव ठेवले असेल, त्याला खरारा केला असेल, चारा दिला असेल, दरीत पडताना थोडक्यात वाचवले असेल, आणि गोष्टीच्या दृष्टीने अगदी रिकाम्या अशा लांबलचक वाटा त्याच्या पाठीवर बसून तोडल्या असतील. पाहणाऱ्याच्या पडद्यावर मरतो तो दुसऱ्या कोणाचा तरी घोडा. शिवाय दीडपट वेगाने पाहणारा माणूस सर्वांत आधी याच रिकाम्या वाटा गाळतो, आणि माझ्या मते या गेमची निम्मी गोष्ट त्या वाटांवरच घडते. तुमचे पन्नास तास म्हणजे त्या घोड्याची सोबत होती. ती पळवता येत नाही.

इथे भावाचेही एक म्हणणे खरे आहे, आणि ते तुम्ही मोकळेपणाने कबूल करावे असे मी सुचवेन. याच गेममधली नेमून दिलेली कामे फार जाचक आहेत. दाखवलेल्या वाटेपासून जरा बाजूला गेलात, की काम फसले असे जाहीर होते आणि तुम्हाला मागे आणून सोडले जाते. जग एवढे मोकळे आणि काम एवढे अरुंद, ही विसंगती मला खेळताना सतत खुपली. ‘अनचार्टेड’ मालिकेतला हसतमुख नायक शेकडो माणसे मारतो आणि पुढच्याच दृश्यात थट्टामस्करी करतो, तेव्हा दृश्यांतली गोष्ट आणि हातातला खेळ यांनी एकमेकांकडे पाहिलेलेच नाही असे वाटते. ज्या गेममध्ये महत्त्वाचे सगळे केवळ पाहायच्या दृश्यांत उरकले जाते आणि खेळाडूच्या वाट्याला दोन दृश्यांमधली गोळीबाराची भर तेवढी येते, तो गेम यूट्यूबवर पाहिला तर फारसे काही हरवत नाही. तुमचा भाऊ अशा गेमविषयी बोलत असेल तर तो बरोबर आहे. सगळे कथाप्रधान गेम तसेच आहेत असे तो म्हणतो, तिथे तो चुकतो.

हे तपासायला एक चांगले उदाहरण आपल्यासमोर आहे, कारण एकच गोष्ट गेम म्हणूनही झाली आणि दूरचित्रवाणी मालिका म्हणूनही. ‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम २०१३ मध्ये आला आणि त्यावरची मालिका २०२३ मध्ये. बिल आणि फ्रँक या दोघांची हकीकत गेममध्ये ओझरती येते, फ्रँकचे तर प्रेतच तेवढे दिसते. मालिकेने मात्र तिसरा भाग जवळजवळ संपूर्णपणे त्या दोघांच्या सहजीवनाला दिला आणि तो गेमपेक्षा कितीतरी सरस उतरला. गेमला ते जमले नसते, कारण खेळाडू बहुतेक वेळ जोएल या नायकाच्या अंगात असतो आणि जोएल जिथे नव्हता तिथली वर्षे त्याला खेळता येत नाहीत. शेवटच्या रुग्णालयाच्या प्रसंगी मात्र पारडे फिरते. जोएलसोबत असलेल्या एली या मुलीच्या मेंदूतून रोगावरचा इलाज काढायचा तर ती मरणार, आणि जोएल तिला वाचवण्यासाठी दिसेल त्याला मारत सुटतो. मालिकेत हा प्रसंग आवाज दाबून, शोकगीतासारखा, काही मिनिटांत दाखवला आहे. तो सुंदर आहे, परंतु आपण तिथे जोएलकडे पाहत असतो. गेममध्ये आपण एकेक खोली ओलांडत शस्त्रक्रियेच्या खोलीत पोहोचतो, शल्यविशारद हातात लहानसे शस्त्र घेऊन वाट अडवतो, आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. मी तिथे बराच वेळ काहीही न करता थांबले होते. गेमने वाट पाहिली, दुसरा दरवाजा काही उघडला नाही.

तुमच्या भावाच्या ‘शेवट ठरलेलाच आहे’ या आक्षेपाचे माझे उत्तर या खोलीत आहे. तिथे निवड दिली असती, तर निम्म्या खेळाडूंनी सभ्यपणे एलीला डॉक्टरांच्या हाती सोडले असते आणि आपण किती चांगले आहोत या समाधानात गेम बंद केला असता. निवड नाकारल्यामुळे जोएलचे कृत्य आपल्या हाताला चिकटते. त्याच्यावर प्रेम तर जडलेले असते आणि त्याने जे केले ते आपल्यालाही करावे लागते. २०२० साली आलेल्या दुसऱ्या भागात त्याच शल्यविशारदाची मुलगी ॲबी समोर येते, आणि गेमचा मोठा भाग तिच्या अंगात शिरून खेळावा लागतो. त्या वेळी असंख्य खेळाडू संतापले. माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे : ॲबीचे तास लांबले आहेत, काही ठिकाणी ते ओढून ताणून आणल्यासारखे वाटतात, तरीही आपण मारलेल्या माणसाच्या घरी नेऊन बसवण्याचे हे धाडस मी इतर कुठल्याही गेममध्ये अनुभवलेले नाही.

आणि ठरलेल्या शेवटाचे आपल्याला वावडे असण्याचे कारण तरी काय? तुमच्या तालुक्यात जत्रेच्या रात्री दशावतार पाहायला लोक पहाटेपर्यंत बसतात ते राक्षस मरतो की नाही हे जाणून घेण्यासाठी नव्हे. आख्यान सर्वांना तोंडपाठ असते. लिहिलेली संहिता मात्र नसते, संवाद नट उभ्या उभ्या रचतो, आणि आज हा नट त्याच शेवटापर्यंत कसा पोहोचतो याकडे सगळ्यांचे लक्ष असते. आर्थर मरणारच. तो सूड आणि पैसा यांच्या मागे धावत मरतो, की टोळीतला साथीदार जॉन याला वाट करून देऊन उगवत्या सूर्याकडे पाहत मरतो, हे तुमच्या वागण्यावर अवलंबून ठेवलेले आहे. तुमचा भाऊही त्याच जत्रेत लहानाचा मोठा झाला असेल, तर ही गोष्ट त्याला पुस्तकी युक्तिवादापेक्षा लवकर पटेल.

याच्या उलट बाजूने, पुष्कळ निवडी दिल्या म्हणजे गेम थोर झाला असेही मी मानत नाही. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ या २०१५ च्या गेममध्ये मॅक्स ही मुलगी काळ मागे फिरवू शकते. पाच भागांत आपण लहानमोठे अनेक निर्णय घेतो, आणि शेवटी उरतात दोनच वाटा : मैत्रीण क्लोई वाचवायची, किंवा वादळाच्या तोंडी असलेले अख्खे किनारी गाव. आधीचे सगळे निर्णय या दोन वाटांपुढे पुसले जातात, अशी तक्रार अनेकांनी केली आणि ती रास्त आहे. पण मला त्याहून वेगळी गोष्ट खटकली. क्लोईला वाचवायचे ठरवले, की गाव उद्ध्वस्त होते आणि दोघी मैत्रिणी गाडीतून त्या पडझडीमधून शांतपणे निघून जातात. गावाला गेम केवळ पडद्यामागच्या चित्रासारखे वागवतो. ज्याने जून २०२० मध्ये श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला निसर्ग चक्रीवादळानंतरच्या आडव्या झालेल्या नारळी-पोफळी पाहिल्या आहेत, किंवा मे २०२१ च्या तौक्तेनंतर तुमच्याच किनाऱ्यावर छपरे आणि होड्या शोधल्या आहेत, त्याला ते गाव चित्र वाटू शकत नाही. मी गाव वाचवले. हा निर्णय मी जिथे राहते त्या किनाऱ्याने घेतला, आणि असा निर्णय दुसऱ्या कोणाचा खेळ पाहताना घेता येत नाही. तुम्हीही हा गेम खेळावा असे मला वाटते. त्याचा पहिला भाग विनामूल्य मिळतो.

आणखी एका गेमचे नाव मी तुम्हाला आवर्जून सांगते, कारण हात आणि गोष्ट यांची इतकी नेमकी सांगड मी क्वचित पाहिली आहे. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ हा २०१७ चा गेम दोन-अडीच तासांत संपतो. एडिथ आपल्या कुटुंबाच्या रिकाम्या घरात फिरते आणि वेगवेगळ्या काळी मेलेल्या घरच्या माणसांची हकीकत आपण थोडा थोडा वेळ खेळतो. त्यातला लुईस मासळीच्या कारखान्यात कामाला आहे. कंट्रोलरच्या उजव्या स्टिकने, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीने, मासा उचलायचा, पात्याखाली धरायचा, डोके उडाले की पुढे सरकवायचा, पुन्हा दुसरा मासा. हे चालू असतानाच लुईसच्या मनात एक काल्पनिक राज्य उभे राहू लागते आणि त्या राज्यातला राजपुत्र आपण डाव्या हाताने चालवतो. ते राज्य पडद्यावर हळूहळू पसरत जाते, मासे झाकले जातात, तरी उजवा हात न पाहता मासे कापतच राहतो. मिरकरवाडा बंदराच्या आसपास किंवा मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात दिवसभर कोळंबी सोलणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हाताची ही सवय आणि मनाचे हे निघून जाणे समजावून द्यावे लागत नाही. लुईसचे पुढे काय होते ते मी इथे लिहीत नाही. एवढेच सांगते, की हा प्रसंग यूट्यूबवर पाहणाऱ्याला तो समजेल, पण आपला उजवा हात आपल्या नकळत काम करतो आहे हा धक्का बसणार नाही, कारण त्याचा उजवा हात मोकळा असेल.

इंग्रजीबद्दल मनात कमीपणा मुळीच ठेवू नका. मी खेळलेल्या मोठ्या कथाप्रधान गेमपैकी एकातही मराठी सबटायटल नव्हते, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना परक्या भाषेतूनच या गोष्टींपर्यंत पोहोचावे लागते, आणि सावकाश वाचणारा माणूस संवाद अधिक लक्षपूर्वक वाचतो. सेटिंगमध्ये जाऊन सबटायटलची अक्षरे मोठी करा आणि बोलणाऱ्याचे नाव दिसण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. ‘डिस्को एलिजियम’सारखा गेम मात्र तूर्त बाजूला ठेवा. तो मला अत्यंत प्रिय आहे, परंतु त्यात दहा लाखांहून अधिक शब्द आहेत आणि लढाईऐवजी सारे काही वाचण्यावरच चालते. थोडा सराव झाल्यावर तो घ्या. ‘जर्नी’, ‘ग्रिस’ किंवा ‘इन्साइड’ या गेमना संवादच नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेम भाषेच्या दृष्टीने सोपा आहे. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती गोष्ट आहे, भिंतींवरची चित्रे आणि बाहुल्यांची सावली यांतून ती सांगण्याची रीत फार देखणी आहे, शेवट मात्र मला अपुरा वाटला.

आईच्या काळजीचे उत्तर वादाने मिळणार नाही. कोणताही ‘गेम’ म्हटला, की आजच्या पालकांच्या डोळ्यांसमोर पैसे लावून खेळायचे ॲप येतात, आणि त्या भीतीला आधार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. तुमचे गेम एकदा विकत घेऊन संपवायचे असतात, त्यात काही लावायचे किंवा हरायचे नसते, हे त्यांना एकदा शांतपणे दाखवा. त्याबरोबर पावसाळ्यातली घराची डागडुजी, कौले, गटारे ही कामे आधी उरका आणि रात्री ठरावीक वेळेला लॅपटॉप बंद करा. मुलगा कामे टाळत नाही हे दिसले, की बहुतेक आयांची तक्रार तिथेच थांबते.

गणपतीत घर मुलाबाळांनी भरलेले असते, म्हणून एक सूचना मी आग्रहाने करते. ‘रेड डेड’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’ हे दोन्ही प्रौढांसाठीचे गेम आहेत, आणि लहान पुतण्या-भाच्यांना शेजारी बसवून ते चालू करणे योग्य नाही, मग त्यांनी कितीही हट्ट धरला तरी.

भावाशी बोलायचे ते बोलाच, पण त्याआधी त्याच्या हातात कंट्रोलर द्या. त्यासाठी ‘रेड डेड’ निवडू नका. तो शंभर जीबीहून मोठा आहे, सुरुवातीचे बर्फातले तास संथ आहेत, आणि चार दिवसांच्या पाहुण्याकडून तेवढा धीर मागणे अन्यायाचे होईल. २०१३ चा ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ घ्या. आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेल्या दोन भावांची ही गोष्ट तीन-चार तासांत, एका बैठकीत संपते. त्यातली बोली बनावट आहे, त्यामुळे तुम्हा दोघांपैकी कोणाचेही इंग्रजी मध्ये येणार नाही. थोरला भाऊ डाव्या स्टिकने चालतो आणि धाकटा उजव्या स्टिकने, एकाच खेळाडूच्या दोन हातांत. धाकट्याला पाण्याची भीती आहे आणि थोरला त्याला पाठीवर घेऊन पोहतो. खेळाच्या अखेरीस पाण्याजवळ जे घडते ते केवळ त्या दोन हातांना कळते. तुमच्या भावाने त्याचा व्हिडिओ पाहिलेला असला तरी फरक पडणार नाही, कारण त्याच्या बोटांना ते ठाऊक नसेल. तो खेळत असताना शेजारी बसा, परंतु काही सुचवू नका आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू नका. नंतर त्याला काहीच वाटले नाही असे तो म्हणाला, तर तेही खरे माना. ते त्याचे मत असेल आणि ते त्याने स्वतः खेळून मिळवलेले असेल.

२०२४ मध्ये याच गेमची नव्याने बनवलेली आवृत्ती आली आहे, पण जुनी साध्या लॅपटॉपवरही चालते आणि आकाराने लहान आहे. ती चतुर्थीच्या आधीच उतरवून ठेवा, कारण त्या आठवड्यात सगळे गाव एकाच वेळी इंटरनेटवर असते. कीबोर्डवर दोन भाऊ एकत्र चालवणे अवघड जाते, म्हणून तुमच्याकडे दोन स्टिकचा कंट्रोलर नसेल तर तो भावालाच मुंबईहून येताना आणायला सांगा.